बॅक आउट : आपण म्हणायचे की समोरच्याने?

या वेळचे पत्र हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षे नोकरी करणाऱ्या वाचकाचे आहे. त्यांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे, म्हणून पत्राचा आवश्यक तेवढाच भाग देतो.

‘माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री आमचे मोठे रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वापरात आणण्याचे काम होते आणि त्या रात्री थांबण्याचे मी पंधरा दिवस आधी कबूल केले होते. वडिलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेची तारीख ऐन वेळी बदलली आणि ती नेमकी त्याच शनिवारी आली. मी मॅनेजरना लिहिले, “आय ॲम बॅकिंग आउट फ्रॉम द सॅटरडे रिलीज ड्यू टु पर्सनल रीझन्स.” त्यांचे एका ओळीचे उत्तर आले, “धिस इज डिसअपॉइंटिंग.” शब्दकोशात बॅक आउट म्हणजे माघार घेणे असेच दिले आहे. मग माझे चुकले काय? दुसरे असे की, आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या फलकावर पुनर्विकासाबाबत “थ्री मेंबर्स हॅव बॅक्ड आउट” अशी सूचना लागली आहे आणि त्यावरून भांडण पेटले आहे. ती सूचना बरोबर आहे का?’

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाक्यात व्याकरणाची चूक एकच आहे आणि ती ‘फ्रॉम’ची आहे, पण आपल्या मॅनेजरना ती खटकली असेल असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना खटकले ते क्रियापद. बॅक आउट या क्रियापदात माघारीबरोबर एक तक्रारही असते, आणि ती तक्रार सहसा ज्याचा खोळंबा झाला त्याने करायची असते. आपण ती स्वतःच्याच विरुद्ध, स्वतःच्या हाताने लिहून पाठवली. एवढेच झाले आहे, आणि ते सुधारण्यासारखे आहे.

आधी या शब्दाचे मूळ चित्र पाहू, कारण त्यातच पुढचे सगळे आहे. पुण्याच्या पेठांमध्ये चारचाकी घेऊन गेलेल्या कोणालाही ते समजावून सांगावे लागणार नाही. सदाशिव पेठेतल्या एखाद्या बोळात आपण नातेवाइकांना सोडायला गाडी घालतो, पुढे दोन दुचाकी आडव्या लावलेल्या असतात, वळवायला जागा नसते, आणि मग गाडीचे तोंड आतल्याच दिशेला ठेवून, आरशात बघत, मागून आलेल्या रिक्षावाल्याचे बोलणे ऐकत, इंच इंच मागे येत बाहेर पडावे लागते. इंग्रजीत याला अक्षरशः बॅक आउट म्हणतात : ‘शी बॅक्ड द कार आउट ऑफ द लेन.’ या चित्रातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जो आत शिरलाच नाही त्याला बॅक आउट करता येत नाही, ही पहिली. दुसरी अशी की, ज्या वाटेने आपण आत गेलो त्याच वाटेने परतत असल्यामुळे आपल्या भरवशावर मागे उभे असलेल्यांना बाजूला व्हावे लागते, आणि त्यांना ते आवडत नाही.

लाक्षणिक अर्थ याच दोन अटींवर उभा आहे. आधी शब्द दिलेला असला पाहिजे, करार, कबुली, आमंत्रणाचा स्वीकार किंवा निदान मान डोलावणे तरी झालेले असले पाहिजे. आणि तो शब्द पाळायची वेळ जवळ आल्यावर माणूस मागे सरला पाहिजे. कारण खरे होते की खोटे याविषयी हे क्रियापद काहीच सांगत नाही, मात्र कारण न सांगता ते वापरले की ऐकणारा ते आपल्या मनाने भरून काढतो, आणि मनाने भरलेले कारण क्वचितच चांगले असते. आपण तर ‘पर्सनल रीझन्स’ असे लिहून ती जागा मोकळीच सोडली.

शब्दकोशाला मी दोष देणार नाही, पण ‘माघार घेणे’ हा मराठी शब्द फार ऐसपैस आहे. रणांगणातून सैन्य माघार घेते, नवराबायकोच्या वादात कोणीतरी एक माघार घेतो, आणि निवडणुकीत उमेदवारही माघार घेतो. यातल्या शेवटच्या माघारीत तर कायद्याने दिलेला हक्क आहे : १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार अर्जांच्या छाननीनंतरचा दुसरा दिवस हा उमेदवारी मागे घेण्याचा अखेरचा दिवस असतो, आणि त्या मुदतीत अर्ज मागे घेणाऱ्याने कोणताही नियम मोडलेला नसतो. इंग्रजीत याला विथड्रॉ म्हणतात. तोच उमेदवार पक्षाला शब्द देऊन, प्रचारपत्रके छापून झाल्यावर, शेवटच्या दुपारी गुपचूप अर्ज काढून घेतो तेव्हा कागदोपत्री तो विथड्रॉच असतो, पण पक्षाचे कार्यकर्ते मात्र ‘ही बॅक्ड आउट’ असेच म्हणतील. कृती एकच असते, फक्त बोलणारा बदललेला असतो.

व्यवहाराच्या भाषेत ही सीमारेषा आणखी ठळक दिसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या पाचव्या कलमाचा आशय असा आहे की, समोरच्याने आपला स्वीकार कळवण्याची प्रक्रिया प्रस्तावकापुरती पूर्ण होईपर्यंत त्याला प्रस्ताव मागे घेता येतो, त्यानंतर नाही. म्हणजे कर्वेनगरच्या एखाद्या सदनिकेसाठी आपण दिलेला भाव समोरच्याने अजून मान्य केलेला नसेल, तर तो भाव मागे घेणे हे विथड्रॉ होय. एकदा त्याने होकार कळवला, इसार पावती झाली, आणि मग आपण फोन उचलेनासे झालो, तर ते बॅक आउट. आपल्याकडे सोयरिकीतही हीच रेघ आहे. सुपारी फुटण्याआधी ‘बोलणी फिसकटली’ म्हणतात आणि त्यात कोणाला फारसा बोल लागत नाही. सुपारी फुटल्यावर मात्र ‘मुलाकडच्यांनी शब्द फिरवला’ असे म्हणतात, आणि तो बोल वीस वर्षे पुसला जात नाही. यातले ‘फिसकटली’ म्हणजे इंग्रजीतले फॉल थ्रू, ज्यात दोष कोणाच्याच अंगावर टाकलेला नसतो. ‘शब्द फिरवला’ हे बॅक आउटच्या अगदी जवळचे मराठी आहे, आणि माझ्या मते द्विभाषिक कोशांनी ‘माघार घेणे’च्या आधी ते द्यायला हवे.

एक जगजाहीर उदाहरण घेऊ. एप्रिल २०२२ मध्ये ईलॉन मस्क यांनी सुमारे ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेण्याचा करार केला आणि जुलैमध्ये तो करार संपुष्टात आणत असल्याचे पत्र पाठवले. पत्रातला शब्द टर्मिनेट हा होता, म्हणजे कराराच्या अटी समोरच्यांनी पाळल्या नाहीत म्हणून आम्ही तो रीतसर संपवत आहोत, असा पवित्रा. वार्ताहर आणि टीकाकार मात्र त्या उन्हाळ्यात ‘मस्क इज ट्राइंग टु बॅक आउट ऑफ द डील’ असे लिहीत होते, आणि ट्विटरने तर डेलावेअरच्या न्यायालयात दावाच लावला. शेवटी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी व्यवहार पूर्ण झाला. मस्क यांच्या वकिलांनी स्वतःच्या कागदात बॅक आउट हा शब्द लिहिला असता, तर समोरच्या वकिलांचे निम्मे काम तिथेच झाले असते. आपल्या ईमेलचे गाडे नेमके इथेच अडले.

आता आपली बाजूही सांगतो, कारण आपण हा शब्द निष्काळजीपणे निवडला असे मला वाटत नाही. आपल्या क्षेत्रात रिलीजच्या कागदपत्रांत ‘बॅक आउट प्लॅन’ असतो : नवीन बदल बिघडला तर तो काढून प्रणाली पूर्वस्थितीला कशी आणायची, याची आखणी. तिथे ‘वुई बॅक्ड द चेंज आउट’ असे म्हणणे हे जबाबदारीचे लक्षण मानले जाते आणि त्याने कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. मात्र त्या वाक्यात कर्म आहे. बदल बाहेर काढला जातो, काढणारा माणूस आपल्या जागेवरच राहतो. ‘आय ॲम बॅकिंग आउट’ या वाक्याला कर्म नाही, त्यामुळे बाहेर पडणारा माणूस स्वतःच ठरतो. रोज कानावर पडणारा तटस्थ अर्थ आपण माणसाला लावला आणि तो तिथे तटस्थ राहिला नाही. आमच्या वर्गात, म्हणजे मी चाकरीत होतो तेव्हा, मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजीत चुकतात ती शब्द कमी पडतात म्हणून, असे अनेकांना वाटे. माझा अनुभव उलटा आहे. ती बहुधा चुकतात एका संदर्भात बरोबर शिकलेला शब्द दुसऱ्या संदर्भात नेल्यामुळे, आणि ही चूक इंग्रजी माध्यमातली मुलेही तितक्याच उत्साहाने करतात.

मग आपण काय लिहायला हवे होते? क्रीडापाने वाचत असाल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. खेळाडूच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि तो मालिकेतून बाहेर झाला, तर तिथे ‘पुल्ड आउट’ किंवा ‘विथड्र्यू’ येते, ‘बॅक्ड आउट’ सहसा येत नाही. कारण बाहेरून आलेले आहे, आणि ते वाक्यातच सांगितलेले असते. पुल आउट हे शब्द दिल्यानंतरही चालते, पण त्यात शब्दभंगापेक्षा बाहेर पडण्याच्या निर्णयावर भर असतो. सैन्य, गुंतवणूकदार, प्रायोजक, देश अशा मोठ्या गोष्टींना ते विशेष शोभते. अमेरिकेने १ जून २०१७ रोजी पॅरिस हवामान करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली तेव्हा मथळ्यांत पुल आउट दिसत असे, तर सरकारी भाषेत विथड्रॉ. कारण त्या करारातच बाहेर पडण्याची तरतूद आणि तिची मुदत दिलेली आहे. त्या मुदतीमुळेच ती माघार प्रत्यक्षात ४ नोव्हेंबर २०२० रोजी लागू झाली. विरोधकांनी याच कृतीला बॅक आउट म्हटले तर त्यांची इंग्रजी चुकली असे होत नाही. त्यांना अमेरिकेने शब्द मोडला असे म्हणायचे आहे, इतकेच.

आपल्या प्रसंगी मात्र यातले कुठलेच फ्रेझल व्हर्ब, म्हणजे आउट-ऑफसारखा छोटा शब्द जोडून होणारे क्रियापद, लागत नव्हते. अडचण सांगताना साधे क्रियापद सर्वांत चांगले. आपले पत्र असे असते तर बरे झाले असते : ‘आय हॅड अग्रीड टु बी ऑन ड्यूटी फॉर द रिलीज धिस सॅटरडे. माय फादर्स सर्जरी हॅज बीन मूव्ह्ड टु द सेम डे, सो आय वोन्ट बी एबल टु स्टे. आय हॅव ब्रीफ्ड अ कलीग, हू हॅज अग्रीड टु टेक माय प्लेस.’ पहिल्या वाक्यात आपण कबुली दिली होती हे आपणच मान्य करता, दुसऱ्यात खरे कारण येते, तिसऱ्यात आपल्या मागे बोळात अडकलेल्यांची सोय. ‘पर्सनल रीझन्स’ हे शब्द ज्याला कारण सांगायचे नाही त्याच्यासाठी असतात. वडिलांची शस्त्रक्रिया लपवण्यासारखी नव्हती.

या शब्दाच्या भावंडांविषयी आपण विचारलेले नाही, तरीही दोनतीन सांगतो, कारण ती सतत एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात. बॅक डाउन म्हणजे वादात, दाव्यात किंवा मागणीत नमते घेणे, पडते घेणे. तिथे शब्द दिलेला नसतो, ताठा धरलेला असतो. रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालून शेवटी दहा रुपये जास्त दिले तर आपण बॅक डाउन झालो. बॅक ऑफ म्हणजे अंतर राखणे, मागे हटणे, आणि आज्ञार्थात ते बरेच उद्धट होते, म्हणून कार्यालयात वापरू नये. चिकन आउट म्हणजे कच खाणे, मित्रांत ठीक.

कॉल ऑफ मात्र नीट समजून घ्यावे. कार्यक्रम, संप, सहल किंवा चळवळ ज्याने पुकारली तोच ती कॉल ऑफ करू शकतो. त्यात सहभागी होणारा फार तर बॅक आउट करील. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी चौरीचौरा इथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले, पोलीस त्यात मारले गेले, आणि त्यानंतर गांधीजींनी असहकार चळवळ थांबवली. इंग्रजी इतिहासग्रंथांत यासाठी ‘कॉल्ड ऑफ’ येते, कारण चळवळ त्यांच्या हाकेवर उभी होती आणि ती आवरती घेण्याचा अधिकारही त्यांचाच मानला गेला. तुरुंगात असलेल्या अनेक नेत्यांना तो निर्णय पटला नव्हता. समजा, त्यांच्यापैकी कोणी रागाच्या भरात ‘बॅक्ड आउट’ म्हटले असते, तर व्याकरण शाबूत राहिले असते आणि आरोप मात्र फार गंभीर झाला असता. आपल्या कंपनीने रिलीजच पुढे ढकलले असते तर ते कॉल ऑफही झाले नसते, पुट ऑफ झाले असते. हे दोन शब्द तर मी निवृत्तीपर्यंत तपासत आलो.

आणि मला स्वतःला सर्वांत आवडणारे भावंड म्हणजे बाउ आउट. कसबा गणपतीच्या किंवा कुठल्याही देवाच्या दर्शनाहून निघताना जुनी माणसे देवाला पाठ दाखवत नाहीत. हात जोडून दोनचार पावले मागे सरकतात आणि उंबरा ओलांडल्यावरच वळतात. बाउ आउटमध्ये हेच चित्र आहे : वाकून, मान राखून, वेळेवर निघणे. वयोमानाने मंडळाचे चिटणीसपद सोडणारा, उपांत्य फेरीत हरून स्पर्धेबाहेर पडणारा, हे बाउ आउट करतात. यांतही माणूस मागेच सरकतो, आणि बॅक आउटमध्येही मागेच सरकतो. एकाच हालचालीला दोन भाषिक वळणे मिळाली, आणि एकाला मान मिळाला, दुसऱ्याला बोल.

आता ‘फ्रॉम’. बॅक आउटनंतर नाम आले तर ‘ऑफ’ लागते : बॅक आउट ऑफ द डील, बॅक आउट ऑफ द ट्रिप. क्रियापद आले तर त्याला ‘इंग’ लावून : बॅक आउट ऑफ गोइंग. पुढे काहीच नसेल तर ‘ही बॅक्ड आउट ॲट द लास्ट मिनिट’ इतकेही पुरते. आपल्याकडे ‘फ्रॉम’ दोन वाटांनी आले असावे. एक तर विथड्रॉनंतर फ्रॉम बरोबर असते, आणि दुसरे म्हणजे मराठीत आपण रिलीजमधून, स्पर्धेतून अशी पंचमी लावूनच विचार करतो. जाता जाता उच्चाराचेही सांगतो : भूतकाळी रूपाचा उच्चार ‘बॅकेड’ असा नसून ‘बॅक्ट’ असा, वॉक्टसारखा, एका झटक्यात होतो. आणि ‘तो बॅक आउट झाला’ हे मराठीत सर्रास चालते, त्याला माझी हरकत नाही. मात्र त्याचे भाषांतर करताना ‘ही वॉज बॅक्ड आउट’ असे लिहू नये. हा ‘झाला’ मराठीचा आहे, इंग्रजीत त्याला जागा नाही.

राहिला आपल्या सोसायटीचा फलक. पुण्यात सूचनाफलकावरच्या मजकुराला किती वजन असते हे मी आपल्याला सांगायला नको. आपण पत्राबरोबर पाठवलेल्या टिपणानुसार त्या तीन सभासदांपैकी दोघांनी संमतीपत्रावर कधी सहीच केली नव्हती. ते बैठकांना येत होते, चहा घेत होते, विकासकाचे नकाशे बघत होते, पण सही नव्हती. त्यांच्याबाबतीत बॅक्ड आउट हे चूकच आहे, कारण ते बोळात शिरलेच नव्हते. तिथे ‘हॅव नॉट गिव्हन देअर कन्सेंट’ असे लिहायला हवे, आणि फलक मराठीतच लावायचा असेल तर ‘संमती दिलेली नाही’ एवढे पुरेसे आहे. तिसऱ्या सभासदांनी सही करून नंतर लेखी पत्राने ती मागे घेतली आहे. सोसायटीच्या दप्तरी याची नोंद ‘हॅज विथड्रॉन हिज कन्सेंट’ अशी व्हावी, कारण दप्तराने कोणाची बाजू घ्यायची नसते. सभेत एखाद्या सभासदाने उठून त्यांना तोंडावर ‘यू बॅक्ड आउट’ म्हटले तर ते त्या सभासदाचे मत होईल, आणि त्याला तसे म्हणण्याचा हक्क आहे. अध्यक्षांनी मात्र सोसायटीच्या नावाने, शिक्क्यासह, ते फलकावर लावू नये. तो कागद आज संध्याकाळीच काढून दुसरा लावायला सांगा. तीन नावे एका ओळीत न घेता दोन ओळी करा, दोघांची एक आणि तिसऱ्यांची वेगळी.